स्वच्छ हातांचा पेशंट

फार्मसीच्या शेवटच्या वर्षात मी तळवड्याच्या एका स्किन क्लिनिकमध्ये इंटर्न होते. डॉक्टर मॅडमनी तपासण्याआधी पेशंटशी बोलून केसपेपर भरायचा, एवढंच माझं काम. तेही मी भीत भीत करायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. त्यामुळे छापील प्रश्नांच्या बाहेर एक शब्द विचारायचा धीर होत नसे. आपला प्रश्न अडाणी ठरला तर?

चाकणच्या एका कंपनीत लेथवर काम करणारा एक मुलगा तिसऱ्यांदा आला. दोन्ही हातांना भेगा, लाल चट्टे. मलमाने चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. साखरपुडा बारा दिवसांवर आला होता.

"काहीतरी करा मॅडम. अंगठी घालताना पोरीकडचे सगळे हाताकडंच बघणार. तिची मावशी आत्ताच विचारतीय, पोराला काही रोगबिग न्हाई ना?"

"साबण कोणता वापरता?" मी कागदावरचं वाचलं.

"तोच, आंघोळीचा. तुमची गाडी दर वेळी साबणापाशीच अडते."

मी ओशाळून मान खाली घातली. टेबलावर त्याचे हात होते. किती स्वच्छ! पहिली शिफ्ट करून थेट आलेला माणूस आणि नखांत काळी रेघ नाही? माझे बाबाही भोसरीत लेथवरच, टर्नर आहेत. रविवारी मटण खातानासुद्धा त्यांच्या नखांत ऑइल असतं. त्यांचे हात इतके साफ मी एकदाच पाहिले होते, माझ्या अ‍ॅडमिशनच्या दिवशी. "मोठ्या लोकांत जायचंय," म्हणत त्यांनी ते थिनरने खसाखसा घासले होते.

कागदावर नव्हतं, तरी विचारलं, "दादा, इथं यायच्या आधी हात कशाने धुतले?"

तो लाजला. "थिनरनं. वर कपड्याची पावडर अन् लाकडाचा भुसा. डॉक्टरांपुढं काळे हात घेऊन कसं यायचं?"

"रोज?"

"रोज थोडं. दवाखान्याच्या दिवशी जास्त."

मी आत जाऊन सांगितलं. मॅडमनी कपाळावर हात मारला. "दोनदा तपासलं मी, हे विचारलंच नाही बघ. तुला कसं सुचलं?"

बाबांचं काम मी तिथे कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, "मग कारखान्यातला पेशंट आला की इथेच बसत जा, माझ्या शेजारी."

त्या मुलाला त्यांनी बजावलं, थिनर कायमचा बंद. खोबरेल तेल चोळून काळं पुसायचं, मग सौम्य साबण, मग मलम. "आणि पुढच्या वेळी हात असतील तसे घेऊन या."

नऊ दिवसांनी तो खरोखरच काळे हात घेऊन आला. रिसेप्शनवरची ताई ओरडली, "ओ, खुर्चीला पुसू नका हं!" भेगा भरल्या होत्या, चट्टेही फिकट झाले होते. पण स्वारीचा चेहरा पडलेलाच.

"चट्टे गेले, पण नखांतलं काळं? साखरपुड्यात कसं दिसंल?"

"मुलीचे वडील काय करतात?" मी विचारलं.

"मोशीला फॅब्रिकेशनचं शेड हाय त्यांचं. गेट-ग्रिल सोताच वेल्डिंग करत्यात."

"मग दादा," मी म्हणाले, "हात गोरे दिसले तर ते विचारतील, जावई कामाला जातो की नाही?"