चिमीमावशीची लाकडी आफ्रिका

माझ्या आईला दोन बहिणी. थोरली शाळेत भूगोल शिकवायची आणि धाकटी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. थोरलीला आम्ही सगळे ताईमावशी म्हणायचो. धाकटीला लहानपणी कुणीतरी चिमी म्हटलं, ते साठी जवळ आली तरी तिला चिकटून राहिलं. नवरा गेल्यावर ती 'महिनाभर' म्हणून ताईमावशीकडे राहायला आली आणि मग तिथलीच झाली. ही गोष्ट चिमीमावशीची, पण ताईमावशीला वगळून ती सांगता येत नाही. चिमीमावशीला स्वतःलाही ते कधी जमलं नाही.

धुलाईघर इस्पितळाच्या तळघरात होतं. ओल्या चादरींचे ढीग ट्रॉलीतून यायचे, तापलेल्या रुळाखालून सपाट होऊन बाहेर पडायचे आणि दोन बायकांनी समोरासमोर उभं राहून त्यांच्या घड्या घालायच्या. जवळ यायचं, टोकं जुळवायची, मागे सरायचं, पुन्हा जवळ यायचं. "दिवसभर नाच चालतो गं आमचा," चिमीमावशी म्हणायची, "फक्त गाणं नसतं." घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसून घ्यायची, आणि वरून ताईमावशीचा आवाज यायचा, "चिमे, आलीस का? दूध उतू जाईल म्हणून मी अजून तापवलंच नाहीये."

इस्पितळाच्या दुरुस्ती विभागात एक सुतारकाका होते. निवृत्त होताना त्यांनी आपली जुनी स्क्रोल सॉ चिमीमावशीला देऊन टाकली. दिसायला ती शिवणयंत्राची चुलत बहीण. सुईच्या जागी केसासारखं बारीक करवतीचं पातं, ते वरखाली धावतं आणि आपण दोन्ही हातांनी लाकडाची फळी त्याच्याभोवती फिरवायची. "ढकलायचं नाही, वळवायचं," सुतारकाकांनी शिकवलं. "ढकललंस की पातं तुटतं."

"माझंही तसंच आहे," चिमीमावशी म्हणाली.

ते यंत्र तिने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, धान्याच्या डब्यांशेजारी बसवलं. सुरुवातीला तिने बदकं कापली. बदकाच्या पोटाला खिळे, त्यांना किल्ल्या अडकवायच्या. एकेका नातेवाइकाला तिने बदक दिलं. आमच्याकडे तर किल्ल्या कमी आणि बदकं जास्त झाली. रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत अशा करवतवेड्यांचा एक गट जमायचा, तिथे ती जायला लागली. एक दातांचे डॉक्टर होते, ते डब्यांच्या झाकणांवर लेससारखी जाळी कोरायचे. एक निवृत्त पोस्टमन होते, त्यांच्या लाकडी इंजिनाची सगळी चाकं फिरायची. दातांच्या डॉक्टरांनी तिला एका बगळ्याचा नमुना दिला. पाणगवतात उभा असलेला बगळा, काडीसारखे पाय, आरपार कापायचा. चिमीमावशीचा त्या बगळ्यावर जीव जडला. तिने तो कागद फ्रिजच्या दारावर लावला आणि म्हणाली, "हा एकदा करायचा, मग सुखाने मरायचं."

त्याच सुमारास ताईमावशीचे डोळे जायला लागले. नजरेच्या मधोमध एक डाग पडत गेला. कडेचं धूसर दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जायचं. औषधाने आहे तेवढं टिकवता येईल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. रोज संध्याकाळी नकाशांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसणारी बाई भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. आधी ती गप्प झाली आणि मग चिडचिडी. चहात साखर कमी, रेडिओ मोठा, खिडकी उघडी का, खिडकी बंद का. हे सगळं दिवसभर साठवून ठेवलेलं असायचं आणि चिमीमावशी दारात चपला काढायच्या आत बाहेर पडायचं.

ताईमावशीने शाळा सोडताना आफ्रिकेचा एक जुना कापडी नकाशा घरी आणला होता. एका सुटीच्या दिवशी चिमीमावशीने तो कपाटावरून काढला, त्यावरून किनारा कागदावर उतरवून घेतला, कागद प्लायवूडवर चिकटवला आणि कापला. कडा घासून गुळगुळीत केल्या आणि काही न बोलता तो तुकडा ताईमावशीच्या मांडीवर ठेवला. ताईमावशी बोट फिरवत राहिली. पश्चिमेचा फुगवटा, आतला खोलगट बाक, खालचं निमुळतं टोक, पूर्वेचं शिंग.

"आफ्रिका," ती म्हणाली. मग त्या बाकात बोट पुन्हा फिरवून म्हणाली, "आखात बोथट झालंय."

चिमीमावशीला तेव्हा हसू आलं होतं. पुढचं तिला ठाऊक नव्हतं. ताईमावशीला आता एकेक देश सुटा हवा होता, काढता-बसवता येईल असा. दर संध्याकाळी चिमीमावशी तापलेल्या तळघरातून येऊन यंत्रापुढे बसायची, आणि ताईमावशी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, झालेले तुकडे चाचपत.

"चिमे, लेसोथो कुठंय?"

"कोण?"

"लेसोथो. दक्षिण आफ्रिकेच्या पोटातला देश. चारी बाजूंनी तोच."

"दुसऱ्याच्या पोटात कशाला जाऊन राहिला तो?"

"ते मी सांगेन कधीतरी. तू आधी काप."

पोटातला देश कापायचा म्हणजे कडेने शिरता येत नाही. आधी सीमेवर बारीक भोक पाडायचं, पातं एका टोकाने सोडवायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा ताणून बसवायचं आणि मग गोल फिरून यायचं. दिवसभर चादरी धरून चिमीमावशीची बोटं सुजलेली असायची. पातं ओवायला तिला सुईत दोरा ओवण्यापेक्षा जास्त वेळ लागायचा. लेसोथो झाला, पण तो जागेवर खळखळ हलत होता. ताईमावशीने तो उचलून बाजूला ठेवला. "सैल आहे. पुन्हा कर."

चिमीमावशीने पुन्हा केला.

मग आला गॅम्बिया. नदीच्या दोन्ही काठांनी आत शिरलेला, करंगळीपेक्षा बारीक देश. तो कापताना तुटायचा. कापून झाला तर घासताना तुटायचा. घासून झाला तर ताईमावशी चाचपायला घ्यायची आणि तिच्या हातात त्याचे दोन तुकडे व्हायचे. फ्रिजच्या दारावरचा बगळा तेलकट हवेने पिवळा पडत चालला होता.

एका संध्याकाळी मी तिथेच होते, भाजी निवडत होते. गॅम्बिया पुन्हा तुटला. ताईमावशी सुस्कारा सोडून म्हणाली, "चिमे, लक्ष नसतं तुझं. जरा मन लावून केलं असतंस तर..."

चिमीमावशीने यंत्र बंद केलं. आरडाओरडा तिने केला नाही. तेवढं त्राण नव्हतं तिच्यात.

"मला बगळा करायचा होता," ती म्हणाली.

"काय?"

"बगळा. वर्ष होऊन गेलं. मला एक बगळा करायचाय आणि मी तुझे देश कापतेय. मला एकही देश माहीत नाही, ताई. मला तिथे जायचं नाही. मला फक्त बसायचंय."

तिने यंत्राची वायर काढली, गुंडाळली आणि यंत्रावर एक जुनी चादर टाकली. तशीच आत जाऊन आडवी झाली. ताईमावशी टेबलाशी बसून राहिली. मी भाजी फोडणीला टाकली. नीट जेवलं कुणीच नाही.

नंतर कितीतरी दिवस त्या घरात फक्त कामापुरतं बोलणं चाललं. गोळी घेतलीस का. घेतली. मग एका संध्याकाळी चिमीमावशी घरी आली तर यंत्रावरची चादर खाली पडलेली, टेबलावर रक्ताचे थेंब, आणि ताईमावशी स्टुलावर ताठ बसलेली, उजव्या हाताला पोळ्यांचं फडकं गुंडाळून. तिने चाचपडत वायर लावली होती. नजरेच्या कडेने पातं दिसेल या भरवशावर तिने फळी पुढे सरकवली होती. कापली गेली ती उजव्या हाताची तर्जनी. ज्या बोटाने ती किनारे वाचायची, नेमकं तेच बोट.

खालच्या दवाखान्यात टाके घालून दोघी परत आल्या. चिमीमावशीने चपलाही काढल्या नाहीत, तशीच भिंतीला टेकून जमिनीवर बसली. पुढचं बोलणं मला तिनेच नंतर सांगितलं, अगदी जसंच्या तसं.

"कशाला हात लावलास यंत्राला?"

"तुझं काम कमी करावं म्हटलं."

"वाढवलंस."

"हो."

"मी दमलेय, ताई."

"माहितेय मला."

"नाही माहीत."

"नाही माहीत," ताईमावशीने कबूल केलं. "मला तुझं तोंड दिसत नाही आता. आधी दिसायचं तेव्हा कळायचं. तू सांगायला हवं होतंस."

"रोज सांगते. मी म्हणते पाय दुखतात, तू म्हणतेस गॅम्बिया."

यावर ताईमावशी हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. चिमीमावशीला ना हसू आलं ना रडू. ती उठली, पाणी तापवलं, एका बादलीत स्वतःचे पाय घातले आणि शेजारी स्टूल ओढून ताईमावशीचेही पाय त्याच बादलीत घातले.

बोट बरं व्हायला बराच काळ गेला. टोकाला बधिरपणा राहिला तो राहिलाच. ताईमावशी मधल्या बोटाने चाचपायला शिकली, पण तुकडे तपासणं तिने थांबवलं. चिमीमावशी आता जमेल तेव्हाच एखादा देश कापायची, आणि ताईमावशी तो घासायला बसायची. दिवसा, एकटी असताना, आधी जाडा पॉलिशपेपर, मग बारीक. कुठे कुसळ राहिलं तर बोटाला आधी टोचायचंच, त्यामुळे तिच्या हातून निसटायचं काही नाही. संध्याकाळी ती चिमीमावशीला त्या देशांबद्दल सांगायची. दुसऱ्याच्या पोटातला देश तिथे कसा राहिला, तेही सांगून झालं. चिमीमावशी टेबलावर हातांची उशी करून ऐकायची आणि ऐकता ऐकता झोपून जायची. ताईमावशीला ते कळायचं ते तिच्या श्वासावरून. मग तीही बोलणं थांबवायची.

"बगळा कर आता," एकदा तिनेच सांगितलं.

"आता हात चालत नाहीत गं."

"मग नको करूस. पण मी अडवलं असं होऊ नये."

बगळा झाला, पण त्याचा एक पाय कापतानाच निखळला. गटातल्या डॉक्टरांनी चष्मा वर करून तो पाहिला आणि म्हणाले, "बरोबर आहे की. बगळे एकाच पायावर उभे राहतात." चिमीमावशीने तो तसाच रंगाशिवाय ठेवला. तिला जसा हवा होता तसा तो झाला नव्हता, आणि तसं ती उघड म्हणायची. पुन्हा मात्र केला नाही.

गॅम्बियाचं कोडं ताईमावशीनेच सोडवलं. "जरा जाड काप त्याला," ती म्हणाली. "नकाशात खोटेपणा चालत नाही, पण जाड काप." जाड गॅम्बिया तुटला नाही. शेजारच्या सेनेगलला त्यासाठी थोडी जागा सोडावी लागली. मादागास्कर शेवटी झाला, तो एकटाच असल्याने सोपा गेला. पूर्ण आफ्रिका जेवणाच्या टेबलाची अर्धी जागा खायची, म्हणून दोघी उरलेल्या अर्ध्यात जेवायच्या.

चिमीमावशी निवृत्त झाली त्या दिवशी धुलाईघरातल्या बायकांनी तिला फुलांचा गुच्छ आणि एक नवीकोरी, कुणीही न वापरलेली चादर दिली. दुपारीच तिला घरी सोडलं. मी संध्याकाळी केक घेऊन गेले. बेल वाजवायच्या आत दार उघडलं. ताईमावशी दारामागेच खुर्ची टाकून बसली होती.

"हळू बोल," ती कुजबुजली. "झोपलीय."

"कधीपासून?"

"आल्यापासून. शेजारीण येऊन गेली, तिला परत पाठवलं. बेलची वायर काढून ठेवलीय मी. घाबरू नकोस, बटण बंद करून काढली."

तिने माझ्यासाठी चहा केला, स्वतःच्या हाताने. अर्धा कपात पडला, अर्धा ओट्यावर. मी ओटा पुसायला उठले तर म्हणाली, "राहू दे, भांड्यांचा आवाज होईल." गुच्छ बादलीत ठेवलेला होता, कारण फुलदाणी वरच्या फळीवर होती आणि ती काढताना काही पडलं असतं. आम्ही दोघी अंधारू लागलेल्या खोलीत बसून राहिलो. आतल्या खोलीचं दार नीट लागत नाही, दिवा लावला तर उजेड सरळ तिच्या डोळ्यांवर गेला असता.

"तुला हवा तर लाव," ताईमावशी म्हणाली. "मला तसाही काय फरक पडतो."

मी लावला नाही. बऱ्याच वेळाने आतून झोपाळलेला आवाज आला, "ताई, किती वाजले?"

"काही वाजलेले नाहीत," ताईमावशी म्हणाली. "झोप तू."