ओबदुलियाचे सजवलेले ईमेल

बानी गावच्या वाचनालय मंडळाची चिटणीस ओबदुलिया हिच्या मते साध्या अक्षरांत ईमेल पाठवणं म्हणजे पाहुण्यापुढे बशीविना कप ठेवणं. सभा असो, बारसं असो, मजकूर ती गुलाबांच्या चित्रावर छापायची आणि ते चित्र पाठवून द्यायची. विषयाची जागा मोकळी. वर काय लिहायचं, आत सगळं आहे की!

सगळ्यांत आधी उत्तर यायचं एलिहियोचं. तिच्या नवऱ्याचा, फाउस्तोचा, हा अकॉर्डियनवाला दोस्त सांतियागो शहरात आपल्या लेकीकडे राहायचा. तो आंधळा होता; आलेले ईमेल त्याचा फोन त्याला वाचून दाखवायचा. "फारच सुंदर!" असं तो कळवायचा. माणूस रसिक आहे, असं ओबदुलिया चारचौघांत सांगायची. आंधळ्याला सुंदर कसं दिसतं, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

फेब्रुवारीत फाउस्तो गेला. दोन कबुतरं, एक मेणबत्ती आणि खाली नवव्या दिवसाच्या प्रार्थनेची वेळ, असं चित्र तिने सगळ्यांना पाठवलं. एलिहियोने लगेच लिहिलं, "फारच सुंदर! असेच दोघं आनंदात राहा."

ओबदुलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रार्थनेलाही तो फिरकला नाही, तेव्हा तिने त्याचं नाव टाकलं.

जूनमध्ये एलिहियोला त्याच्या लेकीने बसमध्ये बसवून दिलं आणि तो अकॉर्डियन घेऊन दारात हजर झाला. "उठव त्या गाढवाला! वाढदिवस ना त्याचा? आणि फोन का उचलत नाही म्हणावं?"

"लाज नाही वाटत? कबुतरं पाठवली तर म्हणे सुंदर!"

"कसली कबुतरं?"

तिने त्याला तो ईमेल लावायला लावला. फोनमधली बाई म्हणाली, "विषय नाही. चित्र." आधीचा लावला. "विषय नाही. चित्र."

"मग सुंदर कशाला म्हणायचास रे, मेल्या?"

"तू हौसेने पाठवायचीस. दर वेळी कसं विचारायचं, बाई, यात काय आहे? म्हटलं, फुलंच असणार."

ओबदुलियाने त्याचा हात धरून त्याला खुर्चीवर बसवलं. हे तिने अजून कुणालाही स्वतःच्या तोंडाने सांगितलं नव्हतं.

"फाउस्तो गेला, एलिहियो. फेब्रुवारीत. झोपेतच."

एलिहियोने अकॉर्डियन जमिनीवर ठेवलं. मग म्हणाला, "एवढंच लिहायचं होतं की गं."

"धीर झाला नाही रे," ती म्हणाली आणि फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच मोठ्याने रडली.