हिल्डाचे हात

यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सच्या एका शाळेत हिल्डा क्रॅबट्रीने एकतीस वर्षं पोरांना दुपारचं जेवण वाढलं. ती निवृत्त झाली, हात काही झाले नाहीत. पाहुणा टेकतो न टेकतो तोच त्याच्यापुढे चहा, टोस्टला लोणी, आणि कोट खुंटीवर! नवरा गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा तिने अर्ज केला. समजायला-शिकायला वेळ लागतो म्हणून ज्या प्रौढ माणसांना एकट्याने राहणं जमत नाही, त्यांतल्या एखाद्याला घरच्यासारखं ठेवून घ्यायचं, असं ते काम.

तपासणीला नगरपालिकेकडून ब्रेंडा आली. हिल्डाने कोळशाची बादलीसुद्धा घासून ठेवली होती, पण ब्रेंडाने बादलीकडे पाहिलंही नाही. संसार कसा झाला, भांडण झालं की काय करता, असलंच विचारत बसली.

चौथ्या भेटीला तिने कॉलिनला आणलं. वय चव्वेचाळीस. आई गेल्यापासून तो एका संस्थेत होता. खिडकीतून बसगाड्या दिसतात म्हटल्यावर त्याने जाहीर केलं, "ही खुर्ची माझी." हिल्डाचा जीव तिथेच जडला. लगेच तिने त्याच्या सॉसेजचे तुकडे करून दिले. कॉलिनने काटा खाली ठेवला.

निघताना ब्रेंडा म्हणाली, "हिल्डा, तुम्ही प्रेमळ आहात, वादच नाही. पण त्याला सुरी धरता येते. संस्थेत सगळं हातात मिळतं, म्हणूनच तर त्याला तिथून निघायचंय. असंच चाललं तर मला 'नको' लिहावं लागेल."

"म्हणजे मी नुसतं बघत बसू?"

"जमेल?"

"मेल्यावर जमेल!"

पुढच्या गुरुवारी ब्रेंडासमोर चहा कॉलिन करणार होता. हिल्डा चक्क स्वतःच्या हातांवर बसली. त्याने कपात आधी दूध ओतलं आणि मग त्यात टी-बॅग सोडली. गार दुधात चहा उतरतच नाही; यॉर्कशरमध्ये याहून मोठं पाप नाही! हिल्डाने डोळे मिटले. सासूच्या भरतकामाच्या टेबलक्लॉथवर अर्धा चहा सांडला, तरी ती उठली नाही. बावीस मिनिटांनी पांढुरका, गार चहा पुढे आला. तिने तो तळापर्यंत प्यायला. ब्रेंडा खाली मान घालून लिहीत होती.

मंजुरी देणाऱ्या मंडळासमोर हिल्डा लांबलचक यादी घेऊन गेली. अध्यक्षांनी विचारलं, "कॉलिनसाठी तुम्ही काय काय कराल?"

तिने यादी परत पर्समध्ये टाकली. "त्याने सांगितलं तर करीन. नाहीतर गार चहा पिईन."

मंडळ हसलं, आणि मंजुरी मिळाली.

कॉलिन राहायला आला तो भली मोठी बॅग घेऊनच. हिल्डाचा हात पुढे गेला. तिने तो मागे घेतला, दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला. कॉलिन एकेक पायरी चढत होता, बॅग भिंतीवर आपटत होती. तिला ते बघवेना, पण ती जिन्याखाली उभी राहिली. सहाव्या पायरीवर तो थांबला, धापा टाकत मागे वळला.

"हिल्डा, एक बाजू धर ना."

तिने चढून जाऊन दोन्ही हातांनी बॅग धरली. डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता.