फरशीवरच्या पाण्यासाठी घेतलेली चाकं

त्या पावसाळ्यात माझ्या बायकोचं डायलिसिस पाण्यामुळे दोनदा चुकलं. आमचा पाडा बदलापूर आणि वांगणीच्या मधे. बाहेर पडायला एकच रस्ता, ओढ्यावरच्या बुटक्या फरशी पुलावरून. पावसाने जोर धरला की फरशीवरून गुडघाभर पाणी जातं आणि रिक्षावाला पलीकडूनच मागे फिरतो. दुसऱ्या वेळी तर ती दोन दिवस उशीला टेकून बसून होती, आडवं झालं की दम लागायचा. मी ओट्यावर उभा राहून ओढ्याला शिव्या घालत होतो. दुसरं करणार काय होतो?

आमची मुलगी अंबरनाथला बुवापाड्यात राहते, तळमजल्यावर. ती म्हणाली, "आई, पावसाचे चार महिने माझ्याकडे राहा. उल्हासनगरचं हॉस्पिटल इथून जवळ आहे, रस्त्यात कुठे पाणी नाही." जावईही तेच म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. मी एका वाक्यात उडवून लावलं. लेकीच्या घरचं पाणी पितानासुद्धा माझा बाप संकोचायचा, आणि आम्ही तिथे चार महिने मुक्काम ठोकायचा? बायको मेथी निवडत होती, निवडतच राहिली.

मी तेव्हाच ठरवलं, पुढच्या पावसाळ्यात एकही डायलिसिस चुकू द्यायचं नाही. दिवाळीनंतर वांगणीच्या एका फार्महाऊसवाल्याची जुनी जीप घेतली, चारही चाकांना जोर जाणारी. पण तिचे टायर शहरातले. फरशीवर शेवाळ असतं, पाण्याखाली दगड वाहून आलेले असतात. तिथे मोठे, खोल नक्षीचे टायर पाहिजेत.

मी टर्नर. तीस वर्षं अंबरनाथच्या कारखान्यात लेथवर काढली. मोठा टायर घ्यायचा म्हणून उठून दुकानात जाणारा माणूस मी नव्हे. आधी गाडीखाली गोणपाट टाकून आठवडाभर झोपलो. मोठा टायर रुंदही असतो, जुन्या रिमवर चढवला तर आतल्या बाजूला घासतो. म्हणून रिम बदलायची, आणि रिम बदलायची म्हणजे ऑफसेट बघायचा. रिमचा जो तवा बोल्टांनी हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर बसतो, तो रिमच्या बरोबर मध्यापासून किती आत किंवा किती बाहेर आहे, एवढंच ते माप. तवा बाहेरच्या अंगाला असला की चाक आत जातं, आतल्या अंगाला असला की चाक बाहेर येतं. फार आत गेलं तर वळताना स्प्रिंगला लागणार. फार बाहेर आलं तर मडगार्ड कापणार आणि बेअरिंग खाणार. मी नव्या टायरच्या मापाचा पुठ्ठा कापला, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून प्रत्येक ठिकाणी स्टीलची पट्टी लावली आणि आकडे वहीत लिहिले. बायको चहा घेऊन यायची, गाडीखालून बाहेर आलेल्या माझ्या पायांशी कप ठेवायची आणि म्हणायची, "कारखाना सुटला, पण तुमची ड्युटी काही सुटली नाही." खरं सांगतो, मी खूश होतो. तिच्यासाठी काहीतरी माझ्या हातात होतं.

उल्हासनगरचा टायरवाला सिंधी, गोड बोलणारा. त्याने पहिल्यांदा भरपूर बाहेर येणारी रिम पुढे केली. "साईं, ये लो. चाकं बाहेर आली की गाडी शेर दिसते."

"मला शेर नको. मला ओढा पार करायचाय," मी म्हणालो आणि वही त्याच्या काउंटरवर ठेवली.

त्याने वही वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली. मग मला हवी होती तीच, शून्याच्या जवळच्या ऑफसेटची रिम वरच्या माळ्यावरून उतरवायला लावली. बोल्ट आवळून होईपर्यंत तो गाडीभोवती फिरत होता. मधेच म्हणाला, "चाचा, एक बात पूछूँ? इसमें बैठेगा कौन? लेडीज असतील तर गाडी उंच पडेल."

"तू बोल्ट बघ," मी म्हणालो. "माझ्या घरच्यांची काळजी करायला मी आहे."

टायर तीन इंच मोठा घेतला तर गाडी दीडच इंच वर जाते. पण खड्ड्यात चाक वर येऊन घासू नये म्हणून मी स्प्रिंगवर दोन इंचांचे ठोकळे बसवले होते. साडेतीन इंच. फरशीच्या पाण्यासाठी तो आकडा मला फार आवडला होता.

चाकं बसवल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, डायलिसिसला निघताना, बायको दारात आलेल्या गाडीजवळ उभी राहिली आणि वर बघून हसली. तिचे पाय सुजलेले, गुडघे आखडलेले. चढताना धरायचा दांडा डाव्या हाताला येतो, आणि तिच्या डाव्याच हातात डायलिसिसच्या सुयांसाठी शीर जोडलेली. त्या हातावर भार द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी घरातून पाट आणला, तो डगमगला. शेवटी मी तिला कमरेला धरून वर ढकललं. समोरच्या ओट्यावर चार बायका बसल्या होत्या. ती आत बसली, पदर नीट केला आणि हॉस्पिटल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

दर सोमवारी आणि गुरुवारी असंच. एकदा ती म्हणाली, "आता कुठे पाऊस आहे? उन्हाळाभर रिक्षाने जाऊ की." मी चिडलो. एवढी गाडी दारात असताना रिक्षा कशाला? एवढा खटाटोप कुणासाठी केला मी?

त्यानंतर तिने रिक्षाचं नाव काढलं नाही. होळीनंतर एका गुरुवारी म्हणाली, "आज बरं वाटतंय, आज राहू दे." मग आणखी एका सोमवारी. मला वाटलं, बरी होतेय. मूर्ख माणूस मी, मला आनंद झाला. हॉस्पिटलमधली नर्स फोनवर ओरडली तर मी तिलाच सुनावलं की माझी बायको मला जास्त कळते.

ती वैशाखात गेली. ओढ्यात तेव्हा पाण्याचा टिपूस नव्हता, फरशीखाली गुरं सावलीला बसली होती.

तेराव्याची माणसं पांगल्यावर मुलीने मला सांगितलं. आईला बरं वगैरे काही वाटत नव्हतं. तिला ते चढणं नको होतं. गुडघ्यातून कळ यायची, आणि चारचौघांत नवऱ्याने असं उचलून टाकायचं याची तिला लाज वाटायची. मी विचारलं, मग मला का सांगितलं नाही?

"ती म्हणायची, त्यांनी एवढी मापं घेतलीत, त्यांना वाईट वाटेल," मुलगी म्हणाली. "मलाही शपथ घातली होती. मी ती मोडायला हवी होती, बाबा."

आषाढात फरशीवर पाणी आलं. मला वर्षश्राद्धापर्यंत लांब कुठे जायचं नव्हतं, पण त्या दुपारी मी गाडी काढली. पाणी हबच्या वर होतं. गाडी सरळ पार झाली. चाक घसरलं नाही, वळताना कुठे घासलं नाही, वहीतला एकेक आकडा बरोबर निघाला. पलीकडे जाऊन मी गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. मग परत फिरायचं सोडून बुवापाड्याला गेलो.

मुलीने दार उघडलं. "पाणी वाढतंय, आज राहा," ती म्हणाली, आणि मी नाही म्हटलं नाही. तिने मला आतल्या खोलीत नेलं. खिडकीशी एक लोखंडी कॉट होती, कोरी गादी घातलेली. कॉट जरा जास्तच ठेंगणी वाटली म्हणून सवयीने वाकून बघितलं. चारही पाय खालून कापलेले होते आणि कापलेली टोकं घासून गुळगुळीत केली होती.

"संक्रांतीला आई आली होती ना, तेव्हा तिला खुर्चीत बसवून माप घेतलं होतं," मुलगी म्हणाली. "तिच्या गुडघ्याएवढी करून घेतली. तुम्ही हो म्हणाल असं तिला वाटत होतं."

मी त्या कॉटवर बसलो. माझे गुडघे वर आले.