चटणीचा जवस
जवस भाजल्याचा वास आला की साकोलीची शेजारीण, विणकराच्या घरची माय, आठवते. माझी नोकरी तिच्यामुळे टिकली. सातवीत शाळा सोडून कोल्हापूरकडून इतक्या लांब मी तिच्या घराला लागून असलेल्या सशांच्या फार्मवर कामाला लागलो होतो. मटणाच्या सशांचं वजन वाढावं म्हणून द्यायचा तोच चणा-कोंडा मी प्रदर्शनाच्या पांढऱ्या सशालाही घालत राहिलो. तो नुसता लठ्ठ झाला, केस राठ पडले. मालक म्हणाले, "प्रदर्शनापर्यंत हा चमकला नाही, तं तू आपल्या गावाची गाडी धर." कुंपणापाशी मला रडवेला पाहून माय म्हणाली, "काहून रे बाबू, ससा मेला का?" सगळं ऐकल्यावर तिनं घरातून जवसाचं गाडगं आणलं. "चणा बंद कर. वाळलं गवत दे, अन् रोज चिमूटभर हे. बैलाले देतो आम्ही, अंग कसं चकाकते!" प्रदर्शनात मालकांनी सशाच्या मऊ पाठीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "उद्या पिंजरे धुजो." संध्याकाळी सांगायला धावलो, तर माय मीठ-भात खात होती. "चटणी नाही?" मी विचारलं. "तुह्या सशानं खाल्ली ना," ती हसली. यंदा गावी बांधाला जवस पेरलाय. निघाला की पहिलं गाडगं साकोलीला, मायच्या चुलीपाशी नेऊन ठेवीन.