अँटेना अक्का

आमच्या गल्लीत छपरावर चढणारी बाई एकच होती आणि ती माझी बायको होती. निऱ्या वर खोचायची, चपला शिडीपाशी काढायची आणि सरसर चढायची. मी खाली. मला उंचीवर चक्कर येते, लहानपणापासून. लोक हसायचे. हसू देत. येलहंकाच्या जुन्या गावात कानडी काय, मराठी काय, सगळे तिला अँटेना अक्का म्हणायचे. तिच्या तेराव्याला मुलाच्या घरी तिथून दोन बस बदलून आलेल्या लक्कम्मानं फोटोखालचं नाव माझ्या मुलाकडून वाचून घेतलं. चाळीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलेली बाई. तिला ते नाव त्या दिवशी कळलं.

मी शिंपी. शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. मराठी लिहायला आईनं घरी शिकवलं, तेवढ्यावर हे लिहितोय. आमची माणसं बेंगळूरात कधी आली ते मला माहीत नाही. आजोबांना पण माहीत नव्हतं.

टीव्ही आला तेव्हा तो लाकडी पेटीत होता, पुढे सरकतं दार. कार्यक्रम संध्याकाळी लागायचे. मेकॅनिक अँटेना लावून गेला आणि तिसऱ्या दिवशी तिच्यावर कावळा बसला. चित्र गेलं, नुसत्या मुंग्या. मेकॅनिकला निरोप धाडला तर त्यानं उद्या येतो म्हणून सांगितलं. घरात पंधरा माणसं चटईवर बसलेली. हिनं समोरच्या घराला रंग लावायला आलेल्या माणसाची शिडी मागून आणली आणि मला म्हणाली, "तुम्ही खिडकीत उभे राहा आणि सांगा."

तेव्हापासून ती वर आणि मी खिडकीत. ती विचारायची, "आलं का?" मी सांगायचो, "स्वल्प डावीकडे. अजून. आलं, आलं... गेलं." आमचा सगळा संसार एवढ्या दोन शब्दांत झाला म्हटलं तरी चालेल. मी आलं म्हणालो की ती उतरायची. शिडीच्या पायऱ्या वाजायच्या, मग चपलांचा आवाज, मग ती दारात.

आता एक कबूल करतो. ती वर असली की माझं लक्ष चित्राकडे नसायचं. छताला कठडा नव्हता. एक पाय कौलावर, एक भिंतीवर, आणि हातात तो अॅल्युमिनियमचा सांगाडा. माझा जीव थाऱ्यावर नसायचा. म्हणून चित्र अर्धंमुर्धं असतानाच मी आलं म्हणून मोकळा व्हायचो. ती येऊन बघायची, तर बातम्या सांगणाऱ्या बाईला दोन डोकी. रागवायची नाही. "शिंप्याचं उद्या आणि तुमचं आलं, एकाच ताग्यातलं कापड," म्हणायची आणि पुन्हा शिडीकडे.

पुढे दुसऱ्यांची घरंही तिच्याकडे आली. वारा सुटला की लोक मेकॅनिकला विसरून आमच्या दारात. तिचं एक तंत्र होतं. खालचं माणूस काय म्हणतं याकडे ती लक्ष द्यायची नाही, कसं म्हणतं ते ऐकायची. लक्कम्मा खालून बंतु, बंतु ओरडायची, म्हणजे आलं, आलं. ही वरूनच सांगायची, "तोंड बंतु म्हणतंय, आवाज म्हणत नाही." आणि अजून बोटभर फिरवायची. मग लक्कम्माचा आवाज आपोआप बदलायचा. तेव्हा ही उतरायची. मला म्हणायची, चित्र मला खालच्या माणसाच्या गळ्यात दिसतं. मी म्हटलं, मग माझं खोटं तुला वरच कळत असेल. ती म्हणाली, "कळतं की. पण तुम्ही घाबरलेले असता, म्हणून उतरते."

हवाई दलाचा तळ जवळच. विमान गेलं की पडद्यावरची माणसं पाण्यात पडल्यासारखी हलायची. ती स्वयंपाकघरात भाकरी थापत असली तरी लांबून आवाज ओळखायची. "आता हलेल," म्हणायची. आणि हलायचं. पाहुण्यांना वाटायचं, हिला काही विद्या येते.

मग केबल आली. एक काळी वायर छपरांवरून ओढत नेली आणि घरोघर ढीगभर चॅनेलं. गल्लीतल्या अँटेना भंगारात गेल्या. तिनं आमची ठेवली, तिच्यावर मिरच्यांची माळ वाळवायची. दोन-तीन महिने गप्पच होती. कुणी बोलवेना. वारा सुटला की सवयीनं दारात येऊन उभी राहायची. नंतर भिंतीला डिशची थाळी लागली, ती पावसात बंद पडायची. पण थाळी स्क्रूनं आवळलेली. "हिला काय सांगणार, स्वल्प डावीकडे?" एवढंच म्हणाली.

साखरेचं दुखणं तिला होतंच. एकदा देवळातल्या डोळ्यांच्या शिबिरात डॉक्टरांनी बघितलं आणि चिठ्ठी लिहून दिली. आत रक्त साकळलंय, मोठ्या इस्पितळात जा, उशीर करू नका. तिनं सरी, म्हणजे बरं, म्हटलं आणि घरी येऊन चिठ्ठी तांदळाच्या डब्यात ठेवली. माझा मुलगा महेश मारतहळ्ळीला असतो, कंप्युटरच्या कामात. अकराव्या मजल्यावर घर. ती म्हणाली, "त्याला कळलं तर तो आपल्याला उचलून नेईल. इथं मला भिंत न् भिंत हाताला ठाऊक आहे. तिथं एक पायरी ओळखीची नाही." मी पण सरी म्हणालो. भांडायला हवं होतं. भांडलो नाही.

वर्षभरात एक डोळा गेला, दुसऱ्यात धुकं. तिनं माझ्याशिवाय कुणाला कळू दिलं नाही. चहा गाळायची, आवाजावरून कप भरला ते ओळखायची. मी सुईत दोरा ओवायचो आणि ती काजं करायची, बोटांनी.

त्याच सुमारास महेशनं मोठा टीव्ही आणून लावला, बोललं की ऐकणारा. वर एक डोळ्यासारखा कॅमेरा, म्हणजे समोरासमोर बोलता यावं. मारतहळ्ळीहून येलहंकाला यायचं तर सकाळ रस्त्यातच जाते, म्हणून दर रविवारी दहा वाजता ती मंडळी टीव्हीत भेटायची. हिला तो रिमोट फार आवडला. बटणं शोधायला नकोत, एक दाबायचं आणि बोलायचं. मी रिमोटला रेक्झिनचं कव्हर शिवलं आणि बोलायच्या बटणावर सदऱ्याचं एक छोटं बटण टाकलं, अंगठ्याला लागावं म्हणून. आमची घरची मराठी त्याला कळेना, मध्येच कानडी स्वल्प, मध्येच सरी. मग ती त्याच्याशी हिंदीत बोलायला लागली, बँकेत बोलतात तशी, सावकाश आणि जी लावून. फार वेळ हात लावला नाही की तो पडद्यावर लिहून विचारायचा, अजून बघताय ना? मी वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "नाही म्हणून सांगू नका हो. महेशला सांगेल तो."

रविवारची रीत आम्ही बसवून घेतली. ती नवी साडी नेसून खुर्चीत. मी बाजूला, कॅमेऱ्यात न येईल असा, हलक्या आवाजात. स्वल्प डावीकडे. वर. तिथंच. म्हणजे ती नीट कॅमेऱ्यात बघायची आणि नातीला वाटायचं, आजी माझ्याकडे बघतेय. एके काळी तिनं अँटेना फिरवली, आता मी तिची मान फिरवत होतो. चित्र आलं की मी आलं म्हणायचो आणि ती बोलायला लागायची. नात हातात काही धरून दाखवायची, ते मी तोंडावर हात धरून सांगायचो.

पहिल्याच रविवारी तिनं मला बजावलं होतं. तेवढं एकच ती जरा कडक आवाजात बोलली. "पूर्वी तुम्ही खोटं म्हणायचात, मी उतरून बघायची, परत चढायची. आता मला उतरून बघता येणार नाही. आलं म्हणाल तर आलेलं असू द्या." मी शब्द दिला. सात-आठ महिने पाळला.

एका रविवारी नेट अडखळत होतं. पडद्यावर चित्राच्या जागी ते गोल चाक फिरतंय, आवाज तेवढा येतोय. ती नऊपासून तयार होऊन बसलेली, मान ताठ करून, एकाच जागी बघत. मला बघवेना. वाटलं, आवाज आलाय, चित्र काय आत्ता येईल. मी म्हणालो, "आलं."

तिकडून नात म्हणाली, "आजी, कशी दिसते मी? सांग ना."

ही हसली. "वेणी किती छान घातलीय गं."

मग चाक थांबलं, चित्र आलं, आणि मला नात दिसली. केस कानापर्यंत कापलेले. आदल्या दिवशी कापले होते, तेच दाखवायचं होतं तिला. तिच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, पण डोळे बापाकडे वळले होते. महेश पुढे आला. त्यानं हातात काहीतरी धरलं आणि म्हणाला, "आई, माझ्या हातात काय आहे?"

स्टीलचा पेला होता. मला दिसत होता. पण महेश मलाही म्हणाला, बाबा, तुम्ही गप्प बसा. ती माझ्या आवाजाची वाट बघत राहिली. मान जिथं मी लावून दिली होती तिथंच. मग म्हणाली, "तुझ्या हातात काय असणार, फोन असेल." आणि हसली. कुणी हसलं नाही.

दुपारी एकच्या आत तो आमच्या दारात होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं डॉक्टरांना दाखवलं होतं का विचारलं, मी शिबिरातल्या चिठ्ठीचं सांगितलं. ती तांदळाच्या डब्यात असणार हे त्याला आईचा मुलगा म्हणून ठाऊक होतं, त्यानंच काढली. वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. मी तिला म्हणालो, चुकलो. ती पेटी भरत होती, हातानं चाचपून साड्या ओळखत. म्हणाली, "तुम्ही घाबरला होतात. मला आवाजात कळलं होतं. तरी बोलले, पोरगी विचारत होती ना."

इस्पितळात सांगितलं, चिठ्ठी मिळाली तेव्हाच आला असतात तर एक डोळा वाचला असता. मला सांगितलं आणि महेशला सांगितलं. तिला सांगायची गरज नव्हती. आम्ही दोघं तेव्हापासून त्यावर बोललेलो नाही. त्याचा आईवर राग नव्हता. माझ्यावर आहे. असावा.

अकराव्या मजल्यावर ती आठ महिने राहिली. घर चांगलं आहे, सगळं गुळगुळीत. तेच तिला नडलं, हाताला खूण मिळेना. खोलीतल्या खोलीत चुकायची. टीव्ही आम्ही येलहंकाचाच आणला होता, रिमोट त्याच कव्हरात, पण इथं ती त्याच्याशी बोलायची नाही. मला म्हणायची, तुम्हीच सांगा काय दिसतंय. मी सांगायचो. मालिकेतली सून रडतेय. पिवळी साडी. मागे पडदा, शिवण वाकडी. शिवण मी नेहमी सांगायचो, तिला आवडायचं.

शेवटच्या आठवड्यात ती पडूनच होती. इथूनही विमानं जातात. एक दिवस दुपारी लांबून घरघर आली. डोळे मिटलेले, पण तिनं बोट उचललं. "आता हलेल."

हा टीव्ही हलत नाही. असल्या टीव्हीला विमानाशी काही देणंघेणं नाही. मी म्हणालो, "हललं."

ती थोडा वेळ ऐकत राहिली. ओठ जरा वाकडे झाले. "शिंप्याचं उद्या," म्हणाली. त्यानंतर पाणी मागितलं असेल, कूस बदल म्हणाली असेल, पण माझ्याशी बोललेलं तेवढंच शेवटचं.

येलहंकाचं घर कुलूप लावून ठेवलंय. अँटेना अजून छपरावर आहे, लक्कम्मा सांगत होती. आता तिच्यावर मिरच्या लक्कम्माच घालते.

नात शिकायला पुण्याला गेली आहे. रविवारी दहा वाजता टीव्हीत येते. घरात त्या वेळी बाकीचे बाजाराला जातात, मी एकटा असतो. ते चाक फिरत असतं आणि आतून तिचा आवाज येतो, "आजोबा, आले का मी?" मी उत्तर देत नाही. तिला वाटतं, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. ती पुन्हा विचारते. मी थांबतो. नाक-डोळे नीट दिसेपर्यंत, केस किती वाढले ते दिसेपर्यंत थांबतो. मग म्हणतो, "आलं."

आणि माझी मान वळते. नात म्हणते, बोला ना आजोबा, कुठे बघताय? मी दाराकडे बघत असतो. आलं म्हटलं की शिडी वाजायची.