क्रमांक पाचशे त्रेपन्न

डोलोरेसने ताटलीत अंडी सहाच्या जागी ठेवली आणि टोस्ट बाराच्या जागी, घड्याळाच्या तबकडीवर असतात तसे. वर्षभर ती असंच वाढत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नवऱ्याच्या नजरेचा मधला भाग जाईल, कडा तेवढ्या राहतील. एमिल हुडाकने त्याच दिवशी गाडीत बायकोला बजावलं होतं, ही गोष्ट घराच्या बाहेर जाता कामा नये. ईस्टरपासून तो चर्चलाही गेला नव्हता. लोकांना सांगायला पाठदुखी होतीच.

टेबलावरची जाडजूड फाइल मात्र त्याने अजून हलवू दिली नव्हती. तिच्यात बासष्ट सालच्या बेसबॉल कार्डांचा संच होता. प्लास्टिकच्या एकेका पानाला नऊ कप्पे, आणि कप्प्याकप्प्यातून टोपी घालून हसणारा एकेक खेळाडू. लहानपणची त्याची पेटी आईने, तो सैन्यात असताना, कचऱ्यात टाकली होती. त्या गावातल्या बहुतेक आयांनी तेच केलं होतं. मग काचकारखान्यात अडतीस वर्षं भट्टीपुढे राबताना त्याने रविवारच्या बाजारांतून, मेलेल्या माणसांच्या सामानाच्या विक्रीतून ती कार्डं पुन्हा जमवली. एक राहिलं. क्रमांक पाचशे त्रेपन्न, आर्ल स्टुडर, राखीव कॅचर. तेव्हा ही कार्डं च्युइंगगमच्या पाकिटांतून, खेपाखेपाने निघत. शेवटच्या खेपेची दुकानात यायची सप्टेंबरात, तोवर पोरं फुटबॉलच्या मागे लागलेली, म्हणून दुकानदार ती बेताचीच मागवत. त्यामुळे कुत्रंही ओळखणार नाही अशा त्या स्टुडरला आता सोन्याचं मोल आलं होतं.

"लग्नाचा वाढदिवस विसरशील, पण ह्या स्टुडरचा नंबर तुला झोपेत विचारला तरी येईल," डोलोरेस म्हणायची. एमिल हसायचा. हल्ली हसत नसे. दिसतंय तोवर तो एक कप्पा भरलेला बघायचा, एवढंच त्याच्या मनात उरलं होतं.

तेवढ्यात दार वाजलं, आणि तेही पुढचं. त्या गल्लीत ओळखीचं माणूस मागून, स्वयंपाकघरातून येई. पुढचं दार पाद्र्यासाठी, पोलिसासाठी आणि वाईट बातमीसाठी. डोलोरेसने हात पुसत दार उघडलं, तर लोरेन झेलेंका. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, पण उभ्या आयुष्यात या घराची पायरी न चढलेली. तिचा नवरा वॉल्ट सोमवारी गेला होता. डोलोरेस वरमली. मयताच्या घरी भांडंभर जेवण न्यायची रीत. तिने बटाट्याचं केलंही होतं, पण एमिलने हूं की चूं केलं नाही आणि भांडं फ्रिजमध्येच राहिलं. आता तीच बाई आपल्या दारात.

एमिल आणि वॉल्टचं बिनसलं ते ह्याच स्टुडरपायी. बासष्टच्या सप्टेंबरात वॉल्टला तो दोनदा मिळाला. एमिलने एकाच्या बदल्यात पाच कार्डं देऊ केली. वॉल्टने ते जादा कार्ड कपड्यांच्या चिमट्याने सायकलच्या चाकाला लावलं, तारांवर आपटून मोटरसायकलसारखा आवाज येतो ना, तसं. आणि एमिलच्या दारासमोरून फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी एमिलने त्या चाकाच्या तारा वाकवल्या. वॉल्टला बापाचा पट्टा खावा लागला. पोरांची भांडणं पोरपणीच मिटायची, पण ह्या दोघांनी ती जपली. काचकारखान्यात अडतीस वर्षं एका पाळीत काम केलं, पण ओळख मान हलवण्यापुरती.

लोरेन कोट न काढताच बसली. पर्समधून तिने कागदी पाकीट काढून एमिलपुढे सरकवलं. वॉल्टच्या प्रार्थनेच्या पुस्तकात सापडलं म्हणाली. वर एमिलचं नाव वॉल्टच्याच अक्षरात होतं.

आत कार्ड होतं. कोपरे झिजून गोल झालेले, एक कड पिंजलेली. कुठल्याच व्यापाऱ्याने ते हातातही धरलं नसतं. एमिलने त्यावरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबला.

"चिमटा इथे होता," तो म्हणाला.

पानं मोजत त्याने फाइल उघडली. कप्प्याचं तोंड त्याला सापडेना. एकदा चुकलं, पुन्हा चुकलं. डोलोरेसला राहवलं नाही. तिने त्याचं बोट धरून जागेवर नेलं. कार्ड आत सरकलं. डोलोरेसने वर पाहिलं, तर लोरेन त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. तिला कळायचं ते कळलं होतं.

लोरेन उठायला लागली, परत बसली. विचारायला आले होते, पण आता कसं विचारू, असं काहीतरी पुटपुटली.

"विचार," एमिल म्हणाला.

मग तिने सांगितलं. उद्या दहाला चर्च. शवपेटीला सहा माणसं लागतात, पाच झाली होती. वॉल्टचे दोस्त त्याच्या आधीच गेलेले. सहावा माणूस भाड्याने मिळतो, पण परक्याचा खांदा तिला नको होता.

डोलोरेस वाट बघत होती, आता हा पाठदुखी काढणार. अंडी गार झाली होती. एमिलचा अंगठा अजून त्या कप्प्यावर होता.

"कुठली जागा?" त्याने विचारलं.

"डावीकडची, मधली."

"बरं. एक कर, लोरेन. पुढच्या माणसाला पायऱ्या मोठ्याने मोजायला सांग. मला दिसत नाहीत."